डबल स्टँड कुणाला विचारून काढलास?

खाली मान घालून उभा राहू नकोस, माझ्याकडे बघ. गढीजवळ हॉटेलासमोर गाडी पडली, हे तू स्वतः येऊन सांगायला हवं होतंस. मला सांगितलं हॉटेलवाल्यानं. काय सांगितलं तेही ऐक. गाडी उजवीकडे आडवी झाली तेव्हा त्याची सहा-सात वर्षांची पोरगी पाण्याचा जग घेऊन तिथूनच चालली होती. जग टाकून ती मागं सरली म्हणून पाय वाचला. बाप पोरीकडे धावला आणि तू टाकीकडे धावलास. हात फिरवून पाहिलंस, पोचा किती आलाय ते. टाकीचा पोचा बीडला कुणीही काढून देईल. पोरीच्या पायावर 195 किलोची गाडी आणि वर तुझं सामान पडलं असतं, तर ते कोणी काढून दिलं असतं? आधी त्या घरी जाऊन ये. पोरीला काही लागलंय का विचार, तिच्या आईशी बोल. ते आजच्या आज झालं पाहिजे, आणि सोबत मित्र नेऊ नकोस.

आता गाडीचं. तू म्हणतोस, 'सर, ट्रक जवळून गेला, त्याच्या वाऱ्यानं पडली.' ट्रकवर ढकलू नकोस. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून तिथं रात्रंदिवस ट्रक पळतात. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. याच रस्त्याच्या कडेला तू लहानाचा मोठा झालास, तो वारा तुला ठाऊक नव्हता? लडाखला जायची तयारी म्हणून दोन्ही अंगाला बॅगा, वर तंबू, पेट्रोलचा कॅन, एवढं सगळं लादलंस आणि गाडी साईड स्टँडवर सोडून चहाला गेलास. वर्कशॉपमध्ये शिकलेला मुलगा तू. स्टँडच्या टोकाखाली काय आहे, तेवढं तरी वाकून बघायचं होतंस.

साईड स्टँडची लांबी ठरते ती गाडीच्या नेहमीच्या उंचीवर. मागं 40-50 किलो लादलं की शॉकअप दबतात आणि गाडी खाली बसते. स्टँड तेवढाच राहतो. मग गाडी डावीकडे जेवढी कलायला पाहिजे तेवढी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते. अशी गाडी उजवीकडे जायला हलका धक्काही पुरतो. तुझ्या गाडीचं हेच झालं. याच्या उलट प्रकार मे महिन्यात बघायला मिळतो. दुपारच्या उन्हात आपल्याकडचं डांबर नरम पडतं, स्टँडचं टोक त्यात हळूहळू रुततं आणि गाडी डावीकडे झोपते. पावसाळ्यात काळ्या मातीत तर अर्ध्या तासात झोपते. पैठणच्या उजव्या कालव्याच्या भरावावर, शेताच्या बांधावर, मोकळ्या मुरुमावर, जिथं तिथं तुम्ही पोरं एका पायावर गाड्या सोडून जाता. राक्षसभुवनला शनी अमावस्येच्या गर्दीत गाड्यांच्या रांगा लागतात, तिथं तर एकीचा तोल गेला की शेजारच्या चार-पाच घेऊन पडते. मग कुणाची कुणावर पडली यावरून देवाच्या दारात भांडणं.

साईड स्टँड दोन मिनिटांच्या थांब्यासाठी आहे. खाली उतरून विचारायचं, पैसे द्यायचे, निघायचं. भरलेली गाडी सोडून जेवायला बसायचं असेल, मुक्काम असेल, सामान बांधायचं असेल, तर डबल स्टँड. आणि तुझ्या गाडीला तो कंपनीनंच दिला होता! क्लासिक 350 घेताना सोबत आलेला. तू तो काढून घरी पत्र्याच्या शेडमध्ये टाकलास. का, तर बाहेरचा सायलेन्सर बसवायचा होता आणि बसवणारा म्हणाला की स्टँड आडवा येतो. हे त्याचं अर्धं खरं आहे. बऱ्याच गाड्यांत स्टँड वर गेल्यावर ज्या रबराला टेकतो ते रबर कंपनीच्या सायलेन्सरच्या पट्टीवर असतं. ती पट्टी गेली की स्टँड जास्त वर जातो, इथं तिथं घासतो, वाजतो. मग बसवणारा म्हणतो, काढून टाका भाऊ. त्यानं त्याचं काम सोपं केलं, पण गाडी तुझी आहे ना? एक आवाज पाहिजे म्हणून तू गाडीचा आधार काढून दिलास. आणि तो आवाजही बेकायदा आहे. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवलाय, ते तू पाहिलं आहेस. कंपनीचा सायलेन्सर परत बसव.

दुसरं कारण तू मित्रांना सांगितलंस, ते माझ्या कानावर आलंय. 'डबल स्टँडला लई जोर लागतो, माझ्या कमरेत भरलं.' भरणारच. तू गाडी कशी चढवतोस ते मी पाहिलंय. मागच्या बाजूला जाऊन सीट दोन्ही हातांनी धरायची, कंबर वाकवायची आणि हिसका मारून गाडी मागं ओढायची. एकदा नाही झालं की दात-ओठ खाऊन दुसऱ्यांदा. पायात चप्पल. लाज वाटायला पाहिजे ती चपलेची. गाडीत खोट नाही, स्टँडमध्ये नाही, तुझ्या ताकदीतही नाही. तू गाडी उचलायला निघालास, आणि ती उचलायची नसतेच.

शेतात मोठा धोंडा निघाला की तो कोणी छातीशी कवटाळून काढत नाही. खाली पहार घालतात आणि पहारीच्या टोकावर भार देतात. डबल स्टँडची पायाची पट्टी म्हणजे ती पहार. स्टँडच्या दोन पायांपासून ती पट्टी लांब बाहेर काढलेली आहे, ती त्यासाठीच. तुझं 60-65 किलो वजन त्या पट्टीवर सरळ उभं राहिलं की गाडी वर सरकते. पुढचं चाक जमिनीवरच असतं, गाडीचा थोडा भार तेही धरतं. वर जायचं असतं ते थोडंसं, तेही स्टँड उभा होईपर्यंत. एकदा स्टँड उभ्या रेषेच्या पलीकडे गेला की गाडी स्वतःच्याच वजनानं मागं बसते आणि त्याच वजनानं तिथं घट्ट राहते. तू कमरेनं जो जोर लावतोस त्याला जागाच नाही.

माझ्या वर्कशॉपमध्ये मुलींच्या बॅचमधली एक मुलगी होती, अंगानं अगदी किरकोळ. तुझ्यासारखे चौघे बाजूला उभे राहून हसत होते. तिनं सांगितलं तसं केलं आणि बुलेट पहिल्या दमात स्टँडवर बसली. चौघांपैकी एकाला जमली नाही. त्या पोरीनं काय केलं ते नीट ऐकून घे, आणि मध्ये 'हो सर, माहितीये' म्हणू नकोस. माहीत असतं तर कमरेला पट्टा लावून फिरला नसतास.

जागा सपाट आणि टणक बघायची. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. साईड स्टँड उघडाच राहू द्यायचा, तोल गेला तर गाडी त्याच्यावर येते. तू गाडीच्या डाव्या बाजूला, तोंड गाडीकडे. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, पुढचं चाक सरळ. उजवा हात सीटखाली डावीकडे जे पकडायचं हँडल दिलंय त्यावर. ते उगाच शोभेला दिलेलं नाही. बॅगेचा पट्टा धरायचा नाही, आणि सायलेन्सरच्या आसपास हात न्यायचा नाही. आता उजव्या पायानं स्टँड खाली दाब, जोर न लावता, नुसता जमिनीला टेकेपर्यंत. मग गाडी साईड स्टँडवरून उचलून सरळ कर आणि जराशी डावी-उजवी हलव. स्टँडचे दोन्ही पाय टेकले की ते पायाला कळतं, दोन्हीकडून सारखं टणक लागतं. इथंच तू चुकतोस. गाडी डावीकडे कललेली असताना तू पट्टीवर भार देतोस. तेव्हा जमिनीला एकच पाय टेकलेला असतो, मग गाडी चढायच्या ऐवजी फिरते आणि तुझ्या अंगावर येते.

दोन्ही पाय टेकलेत हे कळल्यावरच पुढचं. पायाचा मधला भाग पट्टीवर ठेव, चवडा नाही. बूट पाहिजेत, घसरणारा तळवा नको. पाठ सरळ, नजर समोर. आणि मग पायरी चढतो तसा त्या पट्टीवर उभा राहा, गुडघा सरळ होईपर्यंत. सगळा भार त्या एका पायावर. उजव्या हातानं गाडीला फक्त वाट दाखवायची, वर आणि मागं. पुढचा ब्रेक दाबलेला नको, नाहीतर गाडी मागं सरकणार कशी? बस, एवढंच आहे. ऐकायला सोपं वाटतं म्हणून लगेच भरलेल्या गाडीवर करून बघू नकोस. आधी सगळं सामान उतरवून, जोडीला उजव्या बाजूनं एक माणूस उभा करून, हात बसेपर्यंत कर.

भरलेल्या गाडीचं वेगळं. मघाशी सांगितलं की भारानं गाडी खाली बसते. खाली बसलेली गाडी स्टँडवर घ्यायला तेवढीच जास्त वर न्यावी लागते, म्हणून ती जड लागते. त्यावर उपाय अगदी साधा आहे आणि तुम्हा पोरांना तो कमीपणाचा वाटतो. पाऊण इंच जाडीची, टायरपेक्षा थोडी रुंद लाकडी फळी मागच्या चाकाखाली घ्यायची. चाक फळीवर चढवायचं आणि मग स्टँडवर घ्यायचं. जे पाऊण इंच तुला पायानं चढवायचं होतं ते फळीनं चढवलेलं असतं. तीच फळी मऊ जमिनीवर स्टँडच्या दोन्ही पायांखाली घालता येते. सामान बांधायचं तेही गाडी डबल स्टँडवर असताना, दोन्हीकडे सारखं. डावी बॅग भरून टाकली, उजवी रिकामी, असं नाही. जड वस्तू खाली, इंजिनाच्या जवळ. तू पेट्रोलचा कॅन शेपटाला सगळ्यात वर बांधला होतास, ते मी हॉटेलवाल्याच्या फोटोत पाहिलं.

उतरवताना तर तू जिवाशी खेळतोस. डबल स्टँडवर गाडी चालू करायची, गिअर टाकायचा, मागचं चाक फिरत असताना बसल्या बसल्या पुढं धक्का मारून खाली सोडायची आणि तसंच निघायचं. बसस्थानकाच्या चौकात पोरांसमोर तू हे केलंस. फिरतं चाक जमिनीला लागलं की गाडी उडी घेते. समोर कुणी असेल तर? पुन्हा सांगतो, इंजिन बंद, न्यूट्रल, साईड स्टँड उघडा, डावीकडे उभं राहून दोन्ही हातांनी पुढं ढकल. चाक टेकलं की पुढचा ब्रेक धर आणि गाडी साईड स्टँडवर घे. मग बस, स्टँड बंद कर, चालू कर. नव्या गाड्यांत साईड स्टँड उघडा असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, ते तुमच्यासारख्यांसाठीच केलंय. त्याची वायर तोडून देणारे मेकॅनिक आहेत, हेही मला माहीत आहे. तुझी तोडलेली असेल तर आत्ताच सांग.

उताराचं लक्षात ठेव, लडाखला सपाट जागा कमी मिळेल. स्टँडवर गाडी बसते तेव्हा स्टँडचे पाय थोडे पुढं गेलेले असतात. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर ती पुढं ओढली जाते आणि स्टँडवरून आपोआप सुटते. तोंड नेहमी चढाकडे. चढ जास्त असेल तर डबल स्टँडचा हट्टच नको, पहिला गिअर टाकून साईड स्टँडवर ठेव, चाकाखाली दगड लाव आणि नजरेसमोर ठेव.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐक. बाकी सगळं चुकलं तर गाडी पडते, इथं चुकलं तर हात जातो. डबल स्टँडवर गाडी चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत फिरवत, चेनला फडकं लावून तू चेन पुसतोस. मित्रानं काढलेला तो व्हिडिओ मी पाहिला. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलं की सोडायला वेळ मिळत नाही. फडक्यामागून बोटं जातात. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं अशी गेलीत. हुशार मुलगा, पाना धरायचा हात त्याचा. आज तो नट बोटानं बसवू शकत नाही, डाव्या हातानं बसवतो. चेन साफ करायची ती इंजिन बंद, चावी काढून खिशात, न्यूट्रलमध्ये चाक हातानं मागं फिरवत. हळू होतं? होऊ दे. चेनचा झोल गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तेवढाच ठेवायचा. मागचं चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजायचा, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. हे सगळं नीट करता यावं म्हणूनच डबल स्टँड आहे. साईड स्टँडवर चाक फिरत नाही, तेलाची काच खरं दाखवत नाही, काहीच धड होत नाही.

आणि पंक्चर? तुझ्या गाडीला तारांची चाकं आहेत, आत ट्यूब. सरचूच्या पठारावर मागचं चाक पंक्चर झालं तर ते खोलावं लागेल. डबल स्टँड नसलेली 195 किलोची गाडी तू कशावर उभी करणार? दगडांवर? मित्र धरून ठेवतील म्हणतोस, थंडीत, वाऱ्यात, तासभर? तुझ्या मित्राकडे डोमिनार आहे, दुसऱ्याकडे केटीएम. त्या दोन्ही आपल्या पुण्याजवळ चाकणला बनतात, दोन्ही लांबच्या प्रवासाच्या, आणि दोन्हींना कंपनी डबल स्टँड देत नाही. त्यांना चाक उचलायला घडीचा जॅक सोबत न्यावाच लागेल. ज्याला मिळालेला होता तो तू, आणि तूच काढून टाकलास. बीएमडब्ल्यूची जीएस अडीचशे किलोच्या घरात जाते, होंडाची गोल्ड विंग साडेतीनशेच्याही पुढं. जगभर फिरणारे लोक त्या गाड्या डबल स्टँडवर घेतात, त्यांत वयस्कर माणसं आहेत, बाया आहेत. ते सगळे पैलवान नाहीत.

शेडमधून स्टँड काढून आण. पिन आणि बुश रॉकेलनं धुवून, गंज घासून, ग्रीस भरून बसव. पिन झिजली असेल तर नवीन घे, शंभर-दोनशे रुपयांसाठी जुनीच ठोकू नकोस. स्प्रिंगा दोन्ही पाहिजेत. एक तुटली तरी दुसरी स्टँड वर धरते, म्हणून दोन दिलेल्या असतात. चालत्या गाडीत स्टँड खाली लोंबला आणि गतिरोधकाला अडकला तर काय होईल ते तुला सांगायची गरज पडू नये. स्प्रिंग ओढून बसवताना स्क्रू-ड्रायव्हरनं ताणू नकोस, सुटला तर डोळ्यात जाईल. स्प्रिंग एका अंगाला वाकव आणि उघडलेल्या वेटोळ्यांत वॉशर अडकव, मग दुसऱ्या अंगाला वाकवून तिकडे. स्प्रिंग लांब होते, हातानं हुकात बसते. मग स्टँड खाली केला की वॉशर गळून पडतात. चष्मा लाव तरीही. स्प्लिट पिन नवीन घाल आणि वाकव. बसवून झाल्यावर पाच-दहा किलोमीटर चालवून परत बघ, काही सैल झालंय का, कुठं घासतंय का.

रविवारी सकाळी तुम्ही सगळे भरलेल्या गाड्या घेऊन वर्कशॉपच्या मागच्या मैदानात या, लडाखला न्यायचं तेवढं सगळं सामान लादून, बूट घालून. ज्याच्या गाडीला डबल स्टँड आहे त्यानं ती माझ्यासमोर एकट्यानं चढवायची आणि उतरवायची. ज्याच्या गाडीला नाही त्यानं सोबतच्या जॅकवर मागचं चाक काढून परत बसवायचं. ज्याला जमणार नाही तो लडाखला जाणार नाही, आणि ते त्याच्या घरी जाऊन मी स्वतः सांगेन. फळी आण, विसरू नकोस.